अनुदानाचा हिशेब: कॉमर्सवाल्यांनी आणि बीएवाल्यांनीही पाहावं असं काम

कॉमर्स घेतलं, सीए झेपेल की नाही याची धाकधूक आहे आणि बँकेच्या परीक्षेपलीकडे काही दिसत नाही, असं सांगणारे पालक मला सतत भेटतात. त्यांना मी एका कामाकडे बघायला सांगते: सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांचा वार्षिक हिशेब आणि अहवाल.

आयआयटी मुंबई घ्या. तिचे हिशेब कायद्यानुसार भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, तपासतात आणि ते संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात. केंद्राच्या स्वायत्त संस्थांना सामान्य वित्तीय नियम, 2017 यांनी वेळापत्रकच घालून दिलं आहे. 31 मार्चला वर्ष संपलं की 30 जूनपर्यंत सह्या झालेले हिशेब ऑडिटकडे जायला हवेत. ऑक्टोबरअखेर ऑडिटचा अहवाल यावा आणि 31 डिसेंबरपर्यंत सगळं मंत्रालयाकडे पोचावं. उशीर झाला तर का झाला, याचं निवेदनही सभागृहापुढे ठेवावं लागतं. शिवाय उपयोगिता प्रमाणपत्र: ज्या कामासाठी अनुदान मिळालं त्यावरच ते खर्च झालं, हे लिहून दिलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. त्या कागदापायी प्रकल्पावरच्या तरुण संशोधकाचं मानधन रखडू शकतं. म्हणून या कामाला कुणी ‘कारकुनी’ म्हटलं की मला राग येतो.

वाटा बऱ्याच आहेत. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) सीजीएल परीक्षेतून कॅगच्या खात्यात सहायक लेखापरीक्षा अधिकारी होता येतं. मूळ वेतन 47,600 रुपयांपासून. एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा, यूपीएससीतून भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवा. विद्यापीठांमध्ये लेखा अधिकारी लागतात. छोट्या संस्थांत मात्र जागा बहुधा कंत्राटी असतात, हे आधीच समजून घ्या.

भाषेच्या मुलांनीही इकडे पाहावं. संसदेपुढचा अहवाल हिंदी आणि इंग्रजी, दोन्हीत जातो. आकडे समजणारा आणि सोपं लिहिणारा माणूस फार कमी ठिकाणी सापडतो.

निर्णय घेण्याआधी एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल मुलासोबत बसून उघडा. ताळेबंद राहू द्या. ऑडिटचे आक्षेप आणि संस्थेने दिलेली उत्तरं वाचा. उत्तरात पळवाट कुठे आहे हे मुलगा किंवा मुलगी आपणहून दाखवू लागली, तर परीक्षेचा अभ्यासक्रम काढा. कंटाळली, तर आग्रह धरू नका.