जुन्या घराचा होमस्टे करताय? खोल्या मोजू नका, शनिवार मोजा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण होमस्टेचं गणित फळ्यावर मांडलं. तेच इथे सविस्तर देतोय, म्हणजे तुम्हाला वही घेऊन सोबत आकडे भरता येतील.

प्रश्न नेहमीचाच आहे. "सर, गावात आजोबांचं घर आहे. मुलं पुण्या-मुंबईला, घर बंद. बारा लाख घालून झकास होमस्टे करू का?" गाव कधी वाई असतं, कधी पैठण, कधी सावंतवाडी. गाव जुनं, देखणं, नाव असलेलं. पर्यटक येतात हे डोळ्यांना दिसतं. मग वाटतं, एवढी माणसं येतायत तर आपल्या दोन खोल्या भरणारच की!

इथेच गफलत होते. गावात येणारा माणूस आणि गावात झोपणारा माणूस हे दोन वेगळे आहेत. आपला धंदा दुसऱ्याचा आहे.

आज आपण वाईचंच उदाहरण घेऊ.

पायरी 1: पाहुणा रात्री का थांबेल?

पुण्याहून निघालेलं कुटुंब सुरूर फाट्याला हायवे सोडतं आणि वाईत येतं. ढोल्या गणपतीचं दर्शन घेतं, घाटावर फोटो काढतं. वेळ असला तर तीन किलोमीटरवर मेणवलीला जाऊन नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथली ती मोठी घंटा बघतं. 'स्वदेस'चं शूटिंग इथेच झालं, हे मुलांना सांगतं. मग जेवण करून पसरणी घाट चढतं आणि मुक्काम पाचगणी-महाबळेश्वरला करतं. पाचगणी वाईपासून जेमतेम बारा किलोमीटर. म्हणजे तुमची स्पर्धा शेजारच्या लॉजशी कमी आणि त्या घाटाशी जास्त आहे.

मग वाईत कोण झोपतं? वहीत यादी करा:

- पाचगणीच्या निवासी शाळांत मुलं असलेले पालक. शाळा उघडताना, सुट्टी लागताना, मधल्या भेटीला ते येतातच. वर गर्दीच्या दिवसांत खोली महाग पडते.
- गावातल्या लग्नकार्याचे पाहुणे. यजमानाच्या घरी दहा माणसं मावत नाहीत.
- मांढरदेवीला जाणारे आणि कुळाचाराला येणारे लोक.
- सिनेमा-मालिकांच्या शूटिंगची माणसं.
- पांडवगड, वैराटगड, कमळगड, केंजळगड करणारे ट्रेकर.
- ज्यांना महाबळेश्वरची गर्दी नको आणि सकाळचा शांत घाट हवा, अशी वयस्कर जोडपी.

यातले ट्रेकर सोडले तर बाकीच्यांना शनिवारचं बंधन नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी 2: शनिवारांवर घर चालतं का?

आता आकडे. हे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे तुम्ही भरा.

दोन खोल्या. भाडं न्याहारीसकट 2,000 रुपये रात्रीला. वर्षात शनिवार 52. त्यातले मुसळधार पावसाचे, परीक्षांच्या दिवसांतले, आपल्याच घरच्या कार्याचे आणि काही कारण नसताना रिकामे गेलेले मिळून 12 सोडा. उरले 40. दोन खोल्या म्हणजे 80 खोली-रात्री.

एका खोलीचा एका रात्रीचा खर्च:

- चादरी-टॉवेल धुलाई: 150
- साफसफाई: 150
- दोघांची न्याहारी: 200
- चहा, साबण, वीज: 100
- अ‍ॅपचं कमिशन 15 टक्के धरून: 300

एकूण 900. म्हणजे 2,000 मधले हातात 1,100. ऐंशी रात्रींचे झाले 88,000.

आता पाहुणा आला काय, न आला काय, वर्षाला जाणारा खर्च:

- वायफाय: 8,400
- विजेचा किमान आकार, पाणी: 12,000
- घर उघडणं, झाडलोट, किल्ल्या सांभाळणं यासाठी माणूस, महिना 3,000: 36,000
- कौलांची शाकारणी, वाळवी, रंग, गळती: 25,000
- विमा, नोंदण्या, किरकोळ: 6,600

बेरीज करा. बरोबर 88,000!

म्हणजे चाळीस शनिवार दोन्ही खोल्या भरल्या, तरी तुमच्या खिशात शून्य. हे ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो. पण मी म्हणतो, ही चांगली बातमी आहे. शनिवारांनी घर सांभाळलं. बंद घराची जी गळती तुम्ही पदरचे पैसे घालून काढत होतात, ती आता पाहुणा काढतोय. यापुढची प्रत्येक रात्र नफ्याची.

समजा शनिवार सोडून वर्षात आणखी 70 खोली-रात्री मिळाल्या. 70 गुणिले 1,100 म्हणजे 77,000. हा तुमचा खरा वर्षाचा नफा.

आता बारा लाखांकडे बघा. दहा टक्क्यांनी कर्ज घेतलंत तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज 1,20,000 च्या घरात जातं. नफा 77,000. घर भरलेलं, कौतुक भरपूर, आणि दरवर्षी त्रेचाळीस हजार घरातून घालायचे. धंदा चालतोय असं वाटत असताना माणूस असाच बुडतो.

माझा नियम: शनिवार सोडून मिळणाऱ्या तीन वर्षांच्या नफ्याएवढाच सुरुवातीचा खर्च करा. इथे 77,000 गुणिले तीन, म्हणजे 2,31,000. त्यात जे बसेल ते आता, बाकीचं पाहुण्यांच्या पैशातून पुढे.

पायरी 3: दोन लाख एकतीस हजार कुठे घालायचे?

क्रमाने सांगतो.

पहिलं, संडास-बाथरूम. जुन्या घराचं कौतुक पाहुणा बाथरूमच्या दारापर्यंतच करतो. खोलीला लागून, कोरडं, उजेडाचं, गरम पाण्याचं हवं.

दुसरं, वायरिंग. जुन्या लाकडी घरात जुनी वायर आणि त्यावर गिझर, हा खेळ करू नका. अर्थिंग तपासून घ्या.

तिसरं, गादी आणि उशी. चौथं, डासांच्या जाळ्या.

झोपाळा, पितळी भांडी, भिंतीवरची चित्रं सगळ्यात शेवटी. ओसरी, चौक, देवळ्या, जाड भिंती हे तुमच्याकडे आहेच. सिमेंट आणि चकचकीत टाइल्स घालून तेच झाकून टाकू नका. पाहुणा त्याच्यासाठीच येतोय.

आणि नदीकाठचं घर असेल तर पुराची रेघ बघा. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 चं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय, पुराचं पाणी फुटून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. ज्यांनी बांधलं त्यांना कृष्णामाई ठाऊक होती. आपण तळमजल्याच्या खोलीत महागडा लाकडी पलंग टाकताना शेजारच्या आजोबांना एकदा विचारावं, "पाणी कुठवर आलं होतं?"

पायरी 4: भावकी आणि कागद

घर आजोबांचं असेल तर मालमत्ता पत्रकावर कोणाकोणाची नावं आहेत ते आधी काढा. काका, आत्या, चुलतभाऊ, सगळ्यांची लेखी संमती घ्या. घर बंद असतं तोवर कोणी विचारत नाही. अंगणात पाहुण्यांची गाडी लागली की वाटा आठवतो. तेव्हा खर्च कोणी घातला, राबतंय कोण, नफ्यात कोणाचं किती आणि गणपतीला घर कोणाला, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. यात कमीपणा नाही. नाती टिकवायचा हाच मार्ग.

मग बाकीचे कागद:

- पर्यटन विभागाकडे होमस्टे किंवा निवास व न्याहारी म्हणून नोंदणी. नगरपालिकेत आणि पोलीस ठाण्यात कल्पना द्या.
- वीज आणि घरपट्टी घरगुती दराने की व्यावसायिक, हे महावितरण आणि नगरपालिकेकडून लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर वर्षाचं गणित मांडू नका.
- जेवण-न्याहारी देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी.
- प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र आणि रजिस्टर. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन कळवणं बंधनकारक आहे.
- जीएसटी: वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. अ‍ॅपवरून येणाऱ्या बुकिंगवर तो कर अ‍ॅपच भरतं. रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून दर 5 टक्के आहे.
- घरातली बाई हा धंदा स्वतःच्या नावावर चालवणार असेल तर राज्याच्या 'आई' या महिला पर्यटन धोरणाची चौकशी करा. त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे. पण व्याज परत मिळतं म्हणून कर्ज मोठं करू नका. मुद्दल तुम्हालाच फेडायचंय.

पायरी 5: मधल्या वारांच्या रात्री कशा आणायच्या?

आता पायरी 1 ची यादी काढा. तीन कामं आहेत.

*एक, दारोदार जा.* मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक, केटरर, गुरुजी, शूटिंगला माणसं पुरवणारे स्थानिक समन्वयक यांना घर दाखवा. पाचगणीच्या शाळांचं वर्षाचं वेळापत्रक मिळवून भिंतीवर लावा. हा पाहुणा फोनवरून येतो. त्यात कमिशन नाही, म्हणजे 1,100 च्या जागी हातात 1,400.

*दोन, दुसरी रात्र मागा.* त्याच पाहुण्याच्या दुसऱ्या रात्रीला धुलाई नाही, मोठी साफसफाई नाही. तिथे 300 वाचतात. म्हणून भाड्यात शंभर-दोनशे सोडले तरी चालतील, पण दुसरी रात्र सोडू नका. त्यासाठी पाहुण्याला कारण द्या. एका कागदावर लिहा: पहाटे घाट, नऊला न्याहारी, मग मेणवली, दुपारी विश्रांती, संध्याकाळी धोम. दुसऱ्या दिवशी प्रतापगड. हिवाळ्याच्या अखेरीस घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव असतो, त्याच्या तारखा आधीच विचारून ठेवा.

*तीन, खरं सांगा.* गल्ली अरुंद आहे, गाडी दोनशे पावलांवर लावावी लागेल, जिना उभा आहे, देवळाची घंटा पहाटे वाजते. हे फोटोखालीच लिहा. ज्याला चालणार नाही तो येणारच नाही, आणि वाईट शेरा लिहिणारा एक पाहुणा कमी होईल. घरात दारू, मोठा आवाज चालणार नाही हेही आधीच सांगा. पाहुणा रविवारी जातो, शेजारी आपल्याला जन्मभर पुरतात.

या आठवड्याचा गृहपाठ

एक रुपयाही खर्च करू नका. फक्त कॅलेंडर घ्या. पुढच्या बारा महिन्यांतले तुमच्या गावात भरतील असे शनिवार हिरव्या पेनाने रंगवा. मग मधल्या वारांत नक्की कोण येईल ते नावाने लिहा: कोणतं कार्यालय, कोणती शाळा, कोणती यात्रा. "पर्यटक येतील" असं लिहायचं नाही. ज्या रात्रीपुढे ठोस कारण लिहिता येत नाही, ती रिकामी धरा.

हिरव्या शनिवारांतून घराचा खर्च निघत नसेल तर थांबा. भाडं, खर्च, खोल्या, काय बदलता येतं ते बघा. तरीही निघत नसेल, तर घर शाकारून, कुलूप लावून, सणाला सगळ्यांनी जमायला ठेवा. तोही निर्णयच आहे, आणि बारा लाखांनी स्वस्त.

आणि गणित जमलं तर एकाच खोलीपासून सुरुवात करा. पहिल्या दहा पाहुण्यांना न्याहारी स्वतःच्या हाताने वाढा. त्यांना काय आवडलं, काय खटकलं ते वहीत उतरवा. दुसरी खोली कशी करायची ते तेच सांगतील.

पुढच्या भागात खोलीचं भाडं कसं ठरवायचं ते बघू. तोवर कॅलेंडर रंगवून ठेवा. भेटू!