तुरीची मर

आपल्या हिवरखेडच्या काळ्या जमिनींत ज्वारी-कपाशीच्या ओळींत उभी असलेली तूर तुम्हीं नित्य पाहतां. दिवाळीपर्यंत हिरवेंगार असलेलें झाड फुलावर येतांच एके दिवशीं मान टाकतें. आधीं एक, मग शेजारचें, आणि पाहतां पाहतां वावरांत वाळलेल्या झाडांचें बेट दिसूं लागतें. जमिनींत ओल असूनहि झाड कां वाळावें?

याचें कारण डोळ्यांनीं पाहतां येतें. झाड उपटून त्याचें खोड बुडापासून उभें चिरावें. आंतील लांकडांत तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या, तर ती मर होय. फ्युझेरियम उडम नांवाची बुरशी बारीक मुळांतून आंत शिरते व पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. मुळें ओलींत, पण शेंडा तहानलेला, अशी झाडाची दशा होते. बटलर या शास्त्रज्ञानें हिंदुस्थानांत या बुरशीचा अभ्यास करून १९१० सालीं तिचें वर्णन केलें.

अलीकडे पाऊस एकदम कोसळतो व मग दीर्घ उघाड देतो. पाणी सांचलेल्या जागीं फायटोफ्थोरा हा निराळा रोग कोंवळ्या झाडांच्या खोडावर खोलगट डाग पाडतो व झाड तेथें मोडतें. उलट, उष्णता व कोरड वाढली म्हणजे कोरडी मूळकूज येते. मुळें कुजून ठिसूळ होतात. तिन्हीं रोगांत झाड वाळतेंच. म्हणून आधीं ओळख, मग उपाय.

मर लागलेलें झाड कोणत्याहि औषधानें पुन्हां उभें राहत नाहीं. यास्तव पालकांस विनंती कीं, त्यावर फवारणीचा खर्च करूं नये. तो पैसा मुलांच्या पुस्तकांस उपयोगी पडेल. खरा उपाय पेरणीपूर्वींचा आहे. ही बुरशी धसकटांच्या आश्रयानें जमिनींत सुमारें तीन वर्षें जगते. म्हणून रोगट झाडें मुळांसकट उपटून जाळावीं, आणि त्या जागीं तीन-चार वर्षें तूर न घेतां ज्वारी घ्यावी. बियाण्यास ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळून तें सावलींत सुकवावें. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून सरी-वरंबे करावे. १९९३ सालीं प्रसारित झालेल्या 'आशा' वाणासारखे मरीस दाद न देणारे वाण आहेत. आपल्या जमिनीस कोणता मानवेल, हें अकोल्याच्या कृषि विद्यापीठांत विचारावें.

मुलांनो, तुम्हांसहि एक काम आहे. मार्गशीर्षांत वडिलांबरोबर वावरांत जा. वाळलेलें झाड चिरून पाहा. बेट बांधापासून किती पावलांवर आहे, तें मोजून वहींत नकाशा काढा. पुढील मृगांत तिफण जुंपण्यापूर्वीं ती वही वडिलांपुढें ठेवा. वाळलेलें झाड जाळल्यावर जागा विसरते. वही विसरत नाहीं.