न जुळणाऱ्या पाइपांचे सांधे : माप, आटे आणि गळती

विहिरीवरचा लोखंडी पाइप, शेतातील पी.व्ही.सी. पाइपलाइन, ठिबकच्या नळ्या आणि रोपवाटिकेतील रबरी नळी यांची खरेदी एकाच वेळी होत नाही. त्यामुळे सांधे जुळत नाहीत आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेली जाते. अशा सांध्यातून मिनिटाला एक लिटर पाणी गळले, तर ८ तासांच्या पाळीत ४८० लिटर पाणी वाया जाते.

माप कोठले धरावे?

लोखंडी (जी.आय.) पाइपचे इंचातील माप ढोबळमानाने आतील पोकळीचे असते. पी.व्ही.सी. पाइपचे मि.मी. मधील माप बाहेरील व्यासाचे, रबरी नळीचे आतील व्यासाचे, तर ठिबकच्या १२ व १६ मि.मी. उपनळीचे बाहेरील व्यासाचे असते. २ इंची लोखंडी पाइपचा बाहेरील व्यास सुमारे ६० मि.मी. असतो. तो ६३ मि.मी. पी.व्ही.सी. सॉकेटमध्ये ढिला बसतो व सोल्युशनने पक्का होत नाही. तेथे आट्यांचाच जोड हवा. जोड मागताना पुढील जोड्या लक्षात ठेवाव्यात : १ इंच - ३२ मि.मी., १½ इंच - ५० मि.मी., २ इंच - ६३ मि.मी., २½ इंच - ७५ मि.मी., ३ इंच - ९० मि.मी.

सांधा करताना

१) लोखंडी पाइपला बाहेरून आटे असल्यास एफ.टी.ए. आणि आतून आटे असल्यास एम.टी.ए. वापरावा. लोखंडी आटे प्लॅस्टिकमध्ये फार आवळल्यास एफ.टी.ए. तडकतो. म्हणून पितळी आटे बसविलेला एफ.टी.ए. घ्यावा.

२) टेफ्लॉन टेप आटे आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावी, उलट गुंडाळल्यास ती सुटते.

३) आपल्याकडील ¾ इंची जोडाला इंचात १४ आटे असतात, तर अमेरिकी बागेच्या नळीच्या जोडाला ११½. असे परदेशी जोड एक-दोन फेरे फिरून अडकतात. जोर लावू नये. योग्य ॲडॅप्टर घ्यावा.

४) पी.व्ही.सी. नळीचे टोक निपलवर चढत नसेल, तर ते मिनिटभर गरम पाण्यात बुडवावे. क्लिप निपलच्या खाचांवर आवळावी, नळीच्या अगदी टोकाला नको. नळी निपलपेक्षा सैल असल्यास पट्टी गुंडाळू नये, निपल बदलावे.

५) काळ्या एच.डी.पी.ई. पाइपला सोल्युशन चिकटत नाही. त्यासाठी कॉम्प्रेशन जोड वापरावा किंवा गरम करून सांधा करावा.

६) ठिबकच्या उपनळीची जाडी वेगवेगळी असल्याने १६ मि.मी. चा प्रत्येक जॉइनर प्रत्येक नळीत घट्ट बसेलच असे नाही. नळीचा तुकडा दुकानात सोबत न्यावा.

सक्शनकडे विशेष लक्ष

पंपाच्या पुढील सांधा गळला तर पाणी दिसते. सक्शनचा सांधा मात्र पंप चालू असताना बाहेर गळत नाही, तो हवा आत ओढतो. त्यामुळे पाणी कमी पडते व पंप पाणी सोडतो. दोष फूट व्हॉल्व्हचा समजून तो बदलण्याआधी सक्शनचे सर्व सांधे तपासावेत. तसेच सक्शन पाइप मध्येच लहान करू नये : ३ इंचाऐवजी २ इंची तुकडा घातल्यास पाण्याच्या वाटेचे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होते.

पिकाच्या ऐन गरजेच्या पाळीत सांधा निसटल्यास ती पाळी हातची जाते. म्हणून हंगामापूर्वीच पंप चालवून प्रत्येक सांधा तपासावा आणि मापे वहीत लिहून ठेवावीत.