सांधा सांभाळ, पोरी

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, आता पुरे. या दिवाळीला टचअप नाही. मला माझे कुरळे केस परत हवेत." ऐकून बरं वाटलं आणि जरा ओशाळायलाही झालं. साताऱ्यात २२ वर्षं पार्लर चालवलं, त्यात कितीजणींचे कुरळे केस मीच सरळ करून दिले. लग्न ठरलं की मुली यायच्या, सोबत आई असायची. "हिचं डोकं जरा माणसात आण गं," म्हणायची. खुर्चीत बसलेली पोर आरशात खाली बघत राहायची आणि मी ब्रश उचलायचे. केराटिनवर इस्त्री फिरवताना जो धूर निघायचा, त्याने तिचे डोळे चुरचुरायचे, माझेही. तेव्हा आम्ही खिडकी उघडायचो आणि काम पुढे चालू ठेवायचो. तर आता जे सांगते, ते त्या पापाची थोडी फेड समज.

आधी हिशेब

पहिल्यांदा पार्लरवालीला फोन करून विचार की डोक्यावर नक्की काय केलं होतं. 'स्मूदनिंग', 'केराटिन', 'बोटॉक्स' ही नावं सगळीकडे सरमिसळ करून वापरतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. नुसतं केराटिन असेल तर तो वरचा थर असतो. तीन-चार महिन्यांत धुऊन उतरतो आणि इस्त्रीने केस जळाले नसतील तर बरंचसं वळण परत येतं. पण स्मूदनिंग किंवा रिबॉन्डिंग असेल तर गोष्ट वेगळी. केसाच्या आत गंधकाचे जोड असतात. केस सरळ की कुरळा, हे त्यांच्या मांडणीवर अवलंबून असतं. ती उग्र वासाची क्रीम हे जोड तोडते, मग केस ओढून इस्त्री करतात आणि न्यूट्रलायझर लावून जोड सरळ रेषेत पक्के करतात. एकदा पक्के झाले की झाले. कुठलं तेल, कुठला मास्क, कुठलं सीरम तो केस पुन्हा कुरळा करणार नाही. हजार-दीड हजाराची बाटली दाखवून कुणी तसं सांगितलं तर उठून घरी ये.

कुरळा येईल तो नवा केस, मुळातून. महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर, म्हणजे वर्षाकाठी वीतभरसुद्धा नाही. तुझे सगळे सरळ केस जाऊन खांद्यापर्यंत कुरळे यायला दोन वर्षं धर, वर थोडे महिनेच. शिवाय कुरळा केस वळून आखूड दिसतो. त्यामुळे सहा महिन्यांनी "वाढतच नाहीत" म्हणून रडू नकोस. एक बट ओढून सरळ कर आणि मोजपट्टी लाव, मग कळेल.

सांधा

या दोन वर्षांत तुझ्या एकाच डोक्यावर दोन पिढ्या नांदणार आहेत. मुळाशी तान्हं बाळ आणि टोकाला थकलेली आजी. दोघी जिथे भेटतात, तो सांधा सगळ्यात नाजूक. कुरळा केस एका बाजूला वळतो, सरळ केस खाली लोंबतो आणि ताण येतो तो नेमका या सांध्यावर. केस तुटतो तो इथेच. म्हणून माझा कानमंत्र एकच, बाकी सगळी त्याची फोड: सांधा सांभाळ.

मुळं उगवली की पार्लरमध्ये म्हणतील, "नुसती मुळं करून घ्या, कमी पैशात होईल." नाही म्हण. आणि उलट बाजूने, सरळ टोकांना औषधाने कुरळं करून घ्यायचा मोहही नको. एकदा तुटून जोडलेल्या केसाला पुन्हा तोडायला गेलीस, तर तो पिंजलेल्या कापसासारखा हातात येईल.

न्हाणं

आठवड्यातून दोनदा न्हाणं पुष्कळ झालं. शाम्पू फक्त टाळूला लाव, टोकं ओघळत्या फेसाने आपोआप धुतली जातात. मग कंडिशनर सढळ हाताने, सांध्यापासून खाली. गुंता काढायचा तो याच वेळी, केस ओले आणि बुळबुळीत असताना. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने. सुरुवात टोकाकडून, मग हळूहळू वर. आणि दुसऱ्या हाताने गुंत्याच्या वरती केस घट्ट धरून ठेव, म्हणजे कंगव्याची ओढ सांध्यापर्यंत पोचणार नाही. कोरडे कुरळे केस विंचरायचे नाहीत. आम्हाला लहानपणी फणीने खरवडून दोन वेण्या घालायचे आणि आम्ही भोकाड पसरायचो. त्यात शिस्त होती, पण केसांची माया नव्हती.

शिकेकाई आवडत असेल तर जरूर वापर, मात्र पूड डोक्यावर थापू नकोस. कुरळ्या केसांत ती बारीक कुसळासारखी अडकते. रात्री शेंगा भिजत घाल, सकाळी रिठ्याबरोबर उकळ आणि कपड्यातून गाळून ते पाणी वापर. डोळे मिटलेले ठेव, रिठा फार झोंबतो. 'शिकेकाई' नावाच्या साबणवड्या वेगळ्या. त्या अखेर साबणच, केस राठ करतात.

तुझ्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे, हे विसरू नकोस. बादलीला पांढरे डाग पडतात ना? तेच क्षार केसांवर बसतात. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घे. पावसाळ्यात इकडे आलीस तर पागोळ्यांचं पाणी घमेल्यात धरून ठेवीन. पहिल्या पावसाचं नाही, त्यात कौलांवरची सगळी घाण येते. तुझी आजी त्याच पाण्याने न्हायची. तिला क्षारांचं काही ठाऊक नव्हतं, पण केस मऊ होतात एवढं ठाऊक होतं.

पुसायला पंचा घे. टर्किश टॉवेलच्या फासांत केस अडकतात. पंचा पाणी टिपतो आणि केसाला धरत नाही. पण घासायचं नाही, झटकायचं तर मुळीच नाही. ओंजळीत पंचा घेऊन टोकाकडून वर दाबत जायचं.

तेलाबद्दल खरं ते

तेलाने केस वाढतात, असं मी तुला सांगणार नाही. वाढ मुळात ठरते. पण खोबरेल तेल केसाला राखतं, हे खरं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल तपासून पाहिलं. धुताना केसातून जी प्रथिनं निघून जातात, ती रोखायचं काम त्यांत खोबरेलालाच जमलं, कारण ते केसाच्या आत शिरतं. आता खोबरेल विकणाऱ्या कंपनीनेच खोबरेलाला पहिला नंबर द्यावा, यावर तू हसशील. पण त्यांनी मोजमाप दाखवलं आहे आणि माझ्या हाताचा अनुभवही तोच आहे. तेव्हा न्हाण्याआधी तास-दोन तास कोमट खोबरेल लाव, जास्त करून जुन्या सरळ भागाला.

एक जुनी रीत मात्र मी सोडली. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवायचं नाही. कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. आणि चंपी म्हणजे डोकं घुसळणं नव्हे. केस गोल गोल चोळलेस की सांध्याशी गाठी पडतील. बोटांची टोकं टाळूवर टेकव आणि टाळूच हलव.

मेंदी काही दिवस लांब ठेव. ती केस जड आणि कोरडे करते, नव्या कुरळ्या बटांचं वळण सैल पडतं. 'काळी मेंदी' तर कधीच नको. पानाचा रंग काळा नसतो. तो काळेपणा आत घातलेल्या रसायनाचा, त्याने डोकं सुजून आलेल्या बायका मी पाहिल्यात.

जवस

वळण टिकवायला बाजारातल्या जेलला पैसे घालण्याआधी स्वयंपाकघरात जा. जवसाची चटणी करतो ना, तेच जवस. दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर सतत हलवत उकळ. चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटायला लागली की लगेच गॅस बंद. गरम असतानाच मलमलीतून गाळ. गार झालं तर हात दुखेपर्यंत पिळशील आणि काही येणार नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून दे.

हे जेल निथळत्या केसांना लावायचं, पुसण्याआधी. मग केस मुठीत धरून वर दाब. वाळल्यावर पापडासारखे कडक लागतील, घाबरू नकोस. तळहातावर दोन थेंब तेल चोळ आणि तेच केस पुन्हा हलके दाब, कडकपणा मोडतो आणि वळण राहतं.

मुळाशी कुरळं आणि खाली काठीसारखं सरळ, हे ऑफिसला जाताना खुपेल. त्यावर आजीची चिंध्यांची युक्ती. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या फाड. रात्री दमट केसांच्या बटा टोकाकडून त्यावर गुंडाळून गाठ मार. सकाळी सोडलंस की सरळ टोकंही वळलेली दिसतील. हे वळण पाण्याने आलेलं, पाण्यानेच जाईल. पण इस्त्रीविना काम भागतं. इस्त्री या दोन वर्षांत नकोच, तिच्या उष्णतेने नव्या केसाचंही वळण कायमचं जाऊ शकतं.

रात्र आणि ओढ

उशीला रेशमी अभ्रा घाल. विकत घेऊ नकोस. माझ्या ट्रंकेत विरलेली रेशमी इरकल आहे, काठ-पदर सोडून मधल्या कापडाचा शिवून देते. जर नको, जरीत केस अडकतात. केस वर सैल बांधून झोप.

चापूनचोपून वेणी, घट्ट पोनी, कपाळावरचे केस मागे खेचणारा अंबाडा, हे सगळं बंद. रोजच्या ओढीने कपाळाच्या कडेची मुळं कायमची मरतात. वर्षानुवर्षं घट्ट अंबाडा घालणाऱ्या बायकांचं कपाळ बघ, माग काढता येतो.

दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात. गळलेला केस उचलून पाहा. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून गळला. ठिपका नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो सांध्याला तुटला. तुटत असतील तर हात हलका कर. ठिपक्यासकट मूठमूठ गळत असतील तर दोष पार्लरचा नाही. डॉक्टरकडे जाऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घे.

कात्री आणि लोक

दर अडीच-तीन महिन्यांनी दोन सेंटीमीटर टोकं काप. वाढतं त्यापेक्षा कमी कापलंस की लांबीही राहते आणि जुनं संपतही जातं. धीर धरवत नसेल तर दुसरी वाट आहे, सरळ भाग एका दिवसात सांध्यापाशी उडवून टाकायचा. याला 'बिग चॉप' म्हणतात. हा शब्द आपल्याकडे आला तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांकडून. त्यांच्याकडे सरळ केसांसाठी दाहक क्षाराच्या क्रीमा वापरायची रीत कित्येक पिढ्यांची. टाळू भाजायची, तरी नोकरीसाठी लावायच्या. केसांच्या ठेवणीवरून कामावर भेदभाव करायचा नाही, असा कायदा कॅलिफोर्नियात झाला तो २०१९ साली. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तेहतीस हजारांवर बायकांचा अभ्यास छापला. केस सरळ करायची रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाचा कर्करोग सत्तरीपर्यंत शंभरात चौघींना होईल, न वापरणाऱ्यांत दोघींनाही नाही, असा त्यांचा अंदाज निघाला. त्या रसायनांनीच झाला असं ते म्हणत नाहीत. पण ते वाचलं त्या दिवशी मला माझ्या खिडकीतून जाणारा धूर आठवला.

केस आखूड केलेस तर आजी कळवळेल. तिचा राग धरू नकोस. लहानपणी तिने घरात केशवपन झालेली, लाल आलवणातली विधवा आत्या पाहिली आहे. बाईचे केस गेले की तिचं सगळं गेलं, हे तिच्या मनात तिथून बसलंय. तिला शेजारी बसव, तुझ्या मुळाशी आलेली नवी कुरळी बट तिच्या बोटावर गुंडाळू दे. तिचेही केस असेच होते.

आणि बाकीचे विचारतील, "आज विंचरलं नाहीस का?" सांग, विंचरलं, धुताना. यापेक्षा जास्त उत्तर कुणाला द्यायची गरज नाही.

पार्लर बंद केलं तरी माझी कात्री अजून धारदार आहे. येशील तेव्हा थोडं थोडं कापायचं की एकदम, ते तूच ठरव. या वेळी आरशात खाली बघायचं नाही, एवढंच.