बॅटरीजवळचा फ्यूज



या वेळचा पाठ गाडीतल्या साउंडच्या वायरिंगचा आहे. काहींना नवल वाटेल, पण कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरची कातकरी आणि ठाकर मुले लग्नसराईत डीजेच्या टेम्पोवर मजुरीला जातात. अॅम्प्लिफायर, स्पीकर, वूफर ती रोज जोडतात आणि सोडवतात. कसे जोडायचे ते त्यांना दाखवले जाते. का, ते कोणी सांगत नाही.

मलाही ते ठाऊक नव्हते. एका हितचिंतकाने दिलेला संच मी आमच्या जीपमध्ये एका दुकानातून बसवून घेतला होता: दोन अॅम्प्लिफायर, चार स्पीकर, एक वूफर. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. त्याआधी लसीकरणाची आणि दाखल्यांच्या शिबिराची दवंडी वाडीवाडीत द्यायची, एवढेच त्याचे काम. एकदा कशेळ्याकडून परतताना बॉनेटमधून जळका वास आला, मग धूर. मागे सहा मुले बसली होती. मी साउंड बंद केला, गाडी बंद केली, तरी धूर थांबेना. सोबतच्या कातकरी तरुणाने पान्याने बॅटरीची मायनसची क्लिप काढली, तेव्हा थांबला.

फ्यूज होता, पण मागे, अॅम्प्लिफायरजवळ. पुढे पत्र्याच्या भोकातून वायर नुसतीच ओढली होती. कडेला घासून तिचे आवरण फाटले आणि ती बॉडीला टेकली. तिथला प्रवाह फ्यूजपर्यंत पोचतच नव्हता, मग तो उडणार कसा? मुख्य फ्यूज अॅम्प्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, आणि भोकात रबरी ग्रोमेट हवे.

वायर किती जाड घ्यावी? खोपोलीचे टाटांचे वीजघर आठवा. १९१५ पासून लोणावळ्याच्या बाजूचे पाणी घाट उतरून नळांतून तिथे येते. पाण्याची उंची म्हणजे व्होल्ट, वाहणारे पाणी म्हणजे अँपिअर. गाडीत उंची जेमतेम १२ ते १४ व्होल्टची, म्हणून तेवढ्याच कामाला पाणी पुष्कळ लागते आणि नळ रुंद लागतो. आमच्या वूफरचा अॅम्प्लिफायर ५०० वॉटचा. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तो बॅटरीकडून ६२५ वॉट ओढतो, १३.८ व्होल्टने भागले की सुमारे ४५ अँपिअर. स्पीकरांचा अॅम्प्लिफायर २०० वॉटचा, जुन्या पद्धतीचा, ६० टक्क्यांचा, त्याचे २४. बेरीज ६९. घरातल्या २,००० वॉटच्या गीझरला नऊ अँपिअर पुरतात! दुकानात आमच्या गाडीला ६ चौरस मिलिमीटरची वायर घातली होती. आम्ही २५ ची, निव्वळ तांब्याची घातली आणि ८० अँपिअरचा फ्यूज लावला. मागे जिथे वाटणी होते, तिथून प्रत्येक अॅम्प्लिफायरला वेगळा फ्यूज. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण तेवढाच प्रवाह न्यायला ती आणखी जाड घ्यावी लागते.

दोन्ही अॅम्प्लिफायरची अर्थ एकाच जागी, रंग खरवडून, आखूड आणि प्लसइतक्याच जाड वायरने द्यावी. नाहीतर इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरातून ऐकू येते.

मुलांचे नुकसान होते ते मात्र ओहममुळे. चार ओहमचे दोन स्पीकर प्लसला प्लस, मायनसला मायनस असे जोडले की २ ओहम होतात. एकामागे एक जोडले की ८. आवाज वाढावा म्हणून मालक एकाच चॅनलला चार लावायला सांगतो: १ ओहम. दोन ओहमपर्यंतच सोसणारा अॅम्प्लिफायर तापतो, कधी जळतो, आणि दोष मुलाच्या माथी. आमच्या या तरुणाची चार दिवसांची मजुरी अशीच कापली गेली होती. चूक त्याची नव्हती, हे त्याला आता कागदावर मांडून दाखवता येते.

वूफरला ८० हर्ट्झच्या खालचा आवाज द्यावा, स्पीकरांना वरचा. माणसाचे बोलणे समजायला ३०० ते ३,४०० हर्ट्झ पुरतात. टेलिफोन वर्षानुवर्षे तेवढ्यावरच चालला. म्हणजे आमच्या दवंडीला वूफर नकोच होता. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात पौलाने कर्ण्याचा दाखला दिला आहे. मी त्यावर दोनदा उपदेश केला, आणि गाडीत वूफर घालून हिंडलो!

तो वूफर आम्ही काढला आणि केंद्रात एका फळीवर बसवला. शनिवारी पाच मुले त्यावर जोडणी शिकतात. शिकवतो तोच तरुण. पहिला धडा मायनसची क्लिप काढण्याचा. ओहम मोजायला मल्टीमीटर एकच आहे, त्यामुळे मुलांना पाळी धरावी लागते. कोणाच्या घरी जुना पण चालू मल्टीमीटर पडून असेल, तर कृपया कळवावे.