कृत्रिम हिरवळ : उपयोग, लाभ आणि मर्यादा

‘टर्फ’ हा शब्द आता कोल्हापूरच्या पेठांत पुरता रुळला आहे. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जाळीबंद मैदानांवर रात्री उशिरापर्यंत प्रकाशझोतात फुटबॉल आणि क्रिकेट रंगते. त्याच शहरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमच्या नैसर्गिक हिरवळीवर झुंजतात आणि खासबागेत मल्ल तांबड्या मातीत उतरतात. पायाखालची भूमी हा खेळाचाच भाग असतो, हे कोल्हापूरकरांस निराळे सांगावयास नको. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीत घडलेल्या या मल्लास गादीवर लढावे लागले. ते सहावे आले. गादीचे तंत्र आत्मसात केल्यावर १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले.

कृत्रिम हिरवळ म्हणजे पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉन यांच्या धाग्यांची पाती मजबूत पाठकापडात ओवून तयार केलेला गालिचा. त्याखाली पाणी निचरून नेणारा खडीचा थर असतो. फुटबॉलसाठीची पाती लांब असून त्यांच्या बुडाशी वाळू आणि बहुधा जुन्या टायरांचा रबरी भुगा भरतात. हॉकीची पाती आखूड व दाट असतात. मोठ्या सामन्यांपूर्वी त्यांवर पाणी मारतात, म्हणजे चेंडू वेगाने सरकतो.

या वस्तूस कीर्ती मिळाली ती अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात. तेथे १९६५ साली छप्पर असलेले ‘अॅस्ट्रोडोम’ हे क्रीडागार उघडले. पारदर्शक छतातून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले म्हणून छत रंगविले, तर आतले गवत मेले! पुढच्याच वर्षी तेथे कृत्रिम गवत अंथरले गेले आणि ‘अॅस्ट्रोटर्फ’ हे नाव रूढ झाले.

भारतास याची खरी झळ लागली हॉकीत. १९२८ ते १९५६ या काळात सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके आपण गवतावर जिंकली. १९७५ चा विश्वचषकही गवतावरचाच. १९७६ साली मॉन्ट्रिअल येथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातव्या स्थानी घसरला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळाले खरे, परंतु त्यानंतरचे ऑलिंपिक पदक थेट टोकियोत, ४१ वर्षांनी आले. सारा दोष मैदानाचा म्हणता येणार नाही. तरीही खडबडीत मैदानावर चेंडू काठीशी खेळवीत नेण्याचे आपले कसब आणि सपाट मैदानावरील वेगवान, दमसास पाहणारा खेळ यांत अंतर पडले. आणि गावोगावची मुले जुन्याच मैदानांवर शिकत राहिली, कारण असे एक मैदान घालण्यास कोट्यवधी रुपये लागतात. ज्याला पुढे हॉकी खेळावयाची आहे त्याला कृत्रिम मैदान मिळालेच पाहिजे, याविषयी दुमत असू नये.

इतर लाभही आहेत. आपल्याकडे मृगापासून दसऱ्यापर्यंत मैदाने चिखलाने भरलेली असतात; निचरा नीट असलेल्या टर्फवर पाऊस थांबताच खेळता येते. गवताला विश्रांती द्यावी लागते, टर्फला नाही. थोड्या जागेत पुष्कळ मुलांना खेळविणे त्यामुळे शक्य होते. कापणी नाही, खत नाही.

परंतु भर उन्हात या पात्यांचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. हिरवे गवत बाष्पोत्सर्जनाने थंड राहते. प्लॅस्टिकला ती सोय नाही. चैत्र-वैशाखात अनवाणी खेळणाऱ्या मुलास हा भेद पुस्तकाविना कळेल. घसरून पडल्यास कातडी सोलवटते. रबरी भुग्यामुळे कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. मात्र तो भुगा बुटांतून, पावसाच्या पाण्यातून ओढ्यानाल्यांत जातो, हे खरे आहे. म्हणूनच युरोपीय संघाने २०२३ साली नियम करून मैदानात भरावयाच्या अशा प्लॅस्टिक कणांची विक्री २०३१ पासून बंद करण्याचे ठरविले. शिवाय आठ-दहा वर्षांत सारा गालिचा झिजतो. तो पुन्हा विकत घ्यावा लागतो आणि जुना कोठे टाकावयाचा, हा प्रश्न उरतोच. देणगीच्या हिशेबात हा दुसरा खर्च सहसा कोणी धरत नाही.

आपल्या वसतिगृहाच्या मैदानावर टर्फ घालावे, अशी सूचना माजी विद्यार्थ्यांकडून प्रेमाने येत असते. माझे मत निराळे आहे. आपली मुले सकाळी कवायत, संध्याकाळी कबड्डी, खो-खो आणि फुटबॉल एकाच मैदानावर, बहुधा अनवाणी खेळतात. त्यांच्यासाठी निचऱ्याचे चर खोदून हरळी लावणे अधिक योग्य. उसाच्या शेतात शेतकरी जिला शिव्या देत खणून काढतो, तीच ही हरळी जगभरच्या क्रीडांगणांवर मानाने लावली जाते. तुडविली तरी ती पुन्हा फुटते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदान नांगरून सपाट करावे, पहिल्या पावसात काड्या टोचाव्यात आणि दसऱ्यापर्यंत खेळ दुसरीकडे न्यावा. गोलसमोरचा पट्टा सर्वांत आधी उघडा पडतो. त्यासाठी कुंपणालगत हरळीचा एक वाफा राखून ठेवावा व दिवाळीच्या सुट्टीत तेथील ढेकळे मातीसह उचलून त्या जागी बसवावीत.