वस्तीचा गंध

नगराची ओळख आपण बहुधा डोळ्यांनी करून घेतो. परंतु डोळ्यांस पट्टी बांधून कोणी आपणांस बालाघाटातून हिंडविले, तरी आपण कोठे आहोत हे पुष्कळदा सांगता येईल. भातगिरणीजवळ कोंड्याचा उबदार वास, किराण्याच्या ओळीत हळद, मिरची व गूळ यांचा संमिश्र गंध, वैनगंगेच्या काठी ओल्या वाळूचा गारवा, आणि चैत्रात मोहफुले वाळत असली की त्यांचा गोड, मादक दर्प! प्रत्येक वस्तीस जणू स्वतःची अदृश्य पाटीच असते.

ही ओळख मनात इतकी खोल का रुजते? मानवी नाकात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक असतात. गंधग्राहकांच्या संशोधनाबद्दल लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टीचे व श्रवणाचे संदेश मेंदूतील एका मधल्या केंद्रातून पुढे जातात. गंधाचा संदेश मात्र त्या केंद्रावाचूनच भावना व स्मृती यांच्या स्थानांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच एखाद्या वासाने विसरलेले घर क्षणात आठवते. बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले. सुवासिक तांदळात जे मुख्य गंधद्रव्य असते, तेच केवड्याच्या कुळातील एका पानातही असते. आमच्याकडे समुद्रकाठी ते पान साध्या भातात घालतात. त्यामुळे येथील चिन्नोर शिजू लागला की मला माहेरघरचे स्वयंपाकघर आठवते.

तथापि नाक हा उत्तम साक्षीदार असला, तरी चांगला न्यायाधीश नव्हे. पहिले कारण असे की, ते लवकर थकते. तोच वास सतत येत राहिला, तर काही मिनिटांतच तो जाणवेनासा होतो. तुंबलेल्या नाल्याकाठच्या रहिवाशांविषयी ‘त्यांना सवयच आहे’ असे आपण सहज म्हणतो. पण सवयीने घाण जाणवत नाहीशी होते. डास आणि रोगराई नाहीशी होत नाही.

दुसरे कारण असे की, आवडनिवड ही शिकवणीची गोष्ट आहे. वाळत घातलेली मासळी आम्हां किनाऱ्यावरच्यांना जेवणाची आठवण देते. इतरांस तिची शिसारी येते. येथवर हे क्षम्य होय. परंतु आपल्या समाजाने कातडे कमावणाऱ्यांना गावाबाहेर वसविले, आणि कातड्याचा वास माणसांच्या माथी मारला. त्यांनी कमावलेल्या कातड्याची पादत्राणे मात्र गावाने आनंदाने वापरली. गंध वस्तूला असतो, कामाला असतो. माणसाची योग्यता त्यावरून ठरत नाही.

या सुट्टीत आपापल्या मोहल्ल्याचा गंध-नकाशा काढा. प्रत्येक वासापुढे तीन गोष्टी लिहा: तो कशाचा, कोणाच्या श्रमातून आलेला, आणि दुर्गंध असल्यास तो दूर करणे कोणाचे कर्तव्य. तिसऱ्या रकान्यात स्वतःचे नाव लिहावे लागले, तर संकोचू नका.